मार्खा खोरं : अकरा जण निघालो, खिंडीवर नऊच पोहोचलो

करवंदी

मंडळी, लडाखच्या मार्खा खोऱ्याबद्दल गेल्या दोन महिन्यांत इतके व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले की प्रत्येकाला तेच तेच लिहिण्यापेक्षा एकदाच धागा काढावा म्हटलं. फोटो नंतर वेगळे टाकेन. इथे मुख्यतः आमचं काय चुकलं ते लिहायचंय. जाणाऱ्यांना त्याचाच जास्त उपयोग होईल.

आम्ही पुण्याचे अकरा जण. सगळ्यात लहान २४ वर्षांचा, सगळ्यात मोठ्या काकू ६१ च्या. दहा-बारा वर्षं दर महिन्याला सह्याद्रीत एकत्र हिंडणारा ग्रुप. राजगड-तोरणा, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड, भर पावसातली जंगलं, सगळं झालेलं. त्यामुळे पायांची काळजी कुणालाच नव्हती. पण आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर आणि लेहचं विमानतळच सव्वातीन हजार मीटरच्या आसपास. म्हणजे विमानाच्या दारातून बाहेर पडतो तेव्हाच आपण कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर असतो. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि अंगात मुरणं वेगळं.

ठरलेला बेत असा होता : लेहला तीन रात्री, मग चिलिंगहून स्क्यू, मार्खा गाव, हंकर, थाचुंगत्से, निमालिंग, आणि कोंगमारू ला (‘ला’ म्हणजे खिंड) ओलांडून शांग सुमदो. प्रत्यक्षात दिल्लीहून लेहचं विमान खराब हवेमुळे एक दिवस उशिरा सुटलं. परतीची तिकिटं तर काढलेली. दिवस कुठून कापायचा? लेहची एक रात्र गेली. मग वाटेत, सगळे मजेत चालताहेत हे बघून आणि शेवटी एखादा दिवस हाताशी असावा म्हणून, थाचुंगत्सेचा मुक्काम गाळून हंकरहून थेट निमालिंगला जायचं ठरवलं. ज्यांच्यामार्फत ट्रेक ठरवला होता त्यांनी फोनवर ‘काही होत नाही, सगळेच करतात’ असं सांगितलेलं. आम्हाला तेच ऐकायचं होतं.

खोऱ्याबद्दल आधी सांगते. चिलिंग हे तांब्या-पितळेचं काम करणाऱ्या कारागिरांचं गाव. लेहजवळच्या शे गावातली बुद्धमूर्ती घडवायला सतराव्या शतकात नेपाळहून आणलेल्या कारागिरांचे हे वंशज, असं तिथे सांगतात. पूर्वी इथे झांस्कर नदी तारेवरच्या पाळण्यात बसून ओलांडायला लागायची, आता पूल आहे. पलीकडे मार्खा नदीचं खोरं सुरू होतं. नदीकाठाला विलो, सीबकथॉर्नची काटेरी झुडपं, जंगली गुलाब. नदीपासून पन्नास पावलं वर गेलं की गवताची काडी नाही. नुसता घसारा आणि दगड. डोंगर मात्र एका रंगाचे नाहीत. एक जांभळा, त्याच्या मागचा गंजलेल्या लोखंडासारखा तांबडा, त्याला खेटून शेवाळी हिरवा, आणि ती हिरवाई झाडांची नाही, दगडाचीच. लेहला वर्षभरात साधारण १०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो. आपल्या ताम्हिणीत जुलैतल्या एखाद्या दिवसात त्याहून जास्त पडतो.

अशा जागी जवाची हिरवीगार शेतं दिसली की पाय आपोआप थांबतात. सगळं पाणी वर साठलेल्या बर्फाचं. दगड-मातीच्या पाटांनी ते उतारावरून फिरवत आणलेलं असतं. पाटाला ‘युरा’ म्हणतात, आणि कुणाच्या शेताला कधी पाणी द्यायचं ते बघणारा गावाने नेमलेला माणूस म्हणजे ‘छुरपोन’. एका बाईला मी फावड्याने पाटाचं तोंड बुजवताना पाहिलं. गवताचा एक पेंढा, दोन दगड आणि ओंजळभर चिखल, एवढ्यावर पाणी वळलं. कोकणातल्या आमच्या कुळागराचा पाट आजी अशीच वळवायची. तिथे पाणी उदंड होतं, इथे थेंब थेंब मोजलेला.

मार्खा गावाच्या पुढे उंच कड्यावर तेचा गोम्पा (बौद्ध मठ) आहे. वर चढायला घसाऱ्याची नागमोडी वाट. हंकरला सुळक्यावर पडक्या गढीचे अवशेष दिसले आणि आमची सगळी गँग चेकाळली. पाठीवरच्या सॅक टाकून तिकडे पळत सुटली. दादा सगळ्यात पुढे.

आता दादाबद्दल. वय ५२, ग्रुपमधला सगळ्यात दणकट गडी. आम्ही ज्याच्या मागे चालतो तो. मार्खा गावापासून त्याचं डोकं दुखत होतं. त्याने कुणालाही सांगितलं नाही. दोन रात्री गोळी खाऊन झोपला, सकाळी हसत उठला.

हंकर साधारण ४,००० मीटर, निमालिंग ४,८०० च्या आसपास. एका दिवसात आठशे मीटर. वाटेत थाचुंगत्सेच्या वरच्या छोट्या तळ्यांत कांग यात्से शिखराचं प्रतिबिंब पडलेलं. तिथे दादा फोटोसाठीसुद्धा उभा राहिला नाही, एका दगडावर बसून राहिला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. निमालिंगचं पठार म्हणजे खालच्या गावांची उन्हाळी कुरणं. याक, मेंढ्या, शेळ्या, दगडी भिंतींचे वाडगे आणि डोक्यावर बर्फाचा ६,४०० मीटरचा डोंगर. तंबू लागले, चहा झाला. दादा बुटाची नाडी बांधायला खाली बसला. मी समोर होते. दोन्ही टोकं हातात धरली, एक फेरा घातला, मग टोक सुटलं. पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. तिसऱ्यांदा तो नाडीकडे नुसता बघत बसला, ही कशाची वस्तू आहे अशा नजरेने. ज्या माणसाने मला दोराच्या गाठी शिकवल्या, तो माणूस.

आमचा लडाखी गाईड जेमतेम तिशीतला. त्याने दादाला एका सरळ रेषेत, टाचेला अंगठा लावून चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला दादा कलंडला. गाईड एवढंच म्हणाला, ‘आत्ता. सकाळी नाही.’ आम्ही निघायच्या आधी डॉक्टरांकडून डेक्सामेथासोन (मेंदूची सूज उतरवणारं औषध) आणि ते कधी, किती द्यायचं याची चिठ्ठी घेतलेली होती, ते दिलं. साडेसहाला दादा, त्याचा २४ वर्षांचा पुतण्या, गाईड आणि एक घोडेवाला खाली निघाले. थाचुंगत्सेपर्यंत उतरल्यावरच दादा नीट बोलायला लागला. तिथे थंडीत थांबण्यापेक्षा हळूहळू हंकर गाठलं. अकरा वाजता आदल्या रात्रीच्याच घराचं दार वाजवलं. आमा-लेने (घरातल्या आईने, तिथे आईला आदराने असं म्हणतात) काही विचारलं नाही. चुलीत शेणी सारल्या, दादाला चुलीशेजारी गादीवर बसवलं आणि रात्रभर थोड्या थोड्या वेळाने गरम पाणी देत राहिली. सकाळी तो स्वतःच्या पायांनी अंगणात आला. पुढे घोड्यावरून मार्खा गाव, तिथे कुणाला तरी सोडायला आलेली गाडी मिळाली आणि लेह. आज तो ठणठणीत आहे आणि हे सगळं लिहायला त्यानेच सांगितलंय.

आम्ही नऊ जण दुसऱ्या दिवशी कोंगमारू ला चढलो. सव्वापाच हजार मीटरच्या आसपासची खिंड. लुंगता, म्हणजे प्रार्थनेच्या पताका, फडफडत होत्या, घोडेवाल्याने ‘की की सो सो ल्हार्ग्यालो’ अशी देवांच्या जयजयकाराची आरोळी दिली. मला काहीही आनंद झाला नाही. खाली शांगची घळ उतरताना ओढा कितीदा ओलांडला ते आठवत नाही. दीड हजार मीटर उतार, गुडघ्यांची वाट लागली. शांग सुमदोला पुतण्याचा निरोप मिळाला तेव्हा काकू रस्त्यातच बसून रडल्या.

विचारा काय विचारायचं ते.

सातपुडा

ताई, वाचताना पोटात गोळा आला. दादांना नमस्कार सांगा. नाडीचा प्रसंग विसरता येणार नाही.

तांबडमाती

करवंदी, प्रांजळपणे लिहिलंस म्हणून मीही स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस. अकरा एकत्र गेलात तर अकरा एकत्र परत यायला हवे होते. एका २४ वर्षांच्या पोराला अंधारात पाठवून बाकीचे खिंडीवर जातात, हे मला पटत नाही. आमच्या ग्रुपमध्ये कुणी लंगडला तरी सगळे मागे फिरतात. सह्याद्रीने हेच शिकवलंय.

करवंदी

तांबडमाती, राग नाही. हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते.

पण तेव्हाची परिस्थिती सांगते. साडेसहाला निघायचं तर पंधरा मिनिटांत निघायचं होतं. अकरा जणांचे तंबू आवरून, सामान घोड्यांवर लादून, दमलेल्या माणसांना अंधारात चार तास उतरवणं म्हणजे आणखी दोघा-तिघांना धोक्यात घालणं. काकूंना अंधारात नीट दिसत नाही. दादाला लागणारी माणसं तीन, तीही चपळ. जास्त माणसं म्हणजे जास्त उशीर. गाईडने हे दोन वाक्यांत सांगितलं आणि ते बरोबर होतं.

सकाळी मागे का फिरलो नाही? निमालिंगहून मागे गाडीपर्यंत दोन दिवस, पुढे खिंड ओलांडून एक दिवस. बाकी सगळ्यांची तब्येत चांगली होती. दुसऱ्या एका ग्रुपचा गाईड आणि आमचा दुसरा घोडेवाला आमच्याबरोबर आले. पहाटे खालून येणाऱ्या एका घोडेवाल्याने ‘बरा आहे, झोपलाय’ असा निरोप आणला, तो आला नसता तर आम्ही फिरलो असतो.

एका गोष्टीत तुझं बरोबर आहे. मी लीडर होते. पुतण्याच्या जागी मी जायला हवं होतं. मागे राहिलेल्या आठ जणांची जबाबदारी माझी, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. आजही मन खातं.

तांबडमाती

निरोपाचं माहीत नव्हतं. समजलं. अंधारात सगळ्यांना उतरवायचं नाही, हेही पटलं.

स्टेथो

मी डॉक्टर आहे, डोंगरात जाणारा. इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण गैरसमज फार आहेत.

दादांना जे झालं ते मेंदूला सूज येण्याची सुरुवात होती, असंच वर्णनावरून वाटतं. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, झोप न येणं ही विरळ हवेच्या त्रासाची पहिली पायरी. चालताना तोल जाणं, साधं काम हाताला न जमणं, विचित्र वागणं ही धोक्याची घंटा. टाच-अंगठा चाल तपासून गाईडने अगदी योग्य केलं. अशा वेळी उपाय एकच, खाली उतरवणं. डेक्सामेथासोनने उतरायला वेळ मिळतो. ‘औषध दिलंय, आता सकाळपर्यंत बघू’ म्हणणं जिवावर बेतू शकतं.

दुसरा धोका फुप्फुसांचा. बसल्या जागी धाप लागणं, कोरडा खोकला वाढत जाणं, ओठ-नखं निळसर होणं. त्यातही तेच, ताबडतोब खाली.

साधारण नियम असा : ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. दिवसा उंच चढून गेलात तरी चालतं, रात्री कुठे झोपता ते महत्त्वाचं. हंकर ते निमालिंग आठशे मीटर. थाचुंगत्से साधारण ४,२५० वर आहे, तो मुक्काम त्यासाठीच असतो. तो गाळला तिथे घात झाला.

आणि व्यायामाचा इथे काही संबंध नाही. रोज सिंहगड चढणाऱ्यालाही होतं, कधीच न चढणारा सुटूही शकतो. उलट दणकट माणूस वेगाने चढतो, त्रास लपवतो आणि त्यामुळे जास्त अडकतो.

डायमॉक्सबद्दल (विरळ हवेचा त्रास टाळायला घेतात ती गोळी) व्यनि करू नका, इथेच सांगतो. आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या, सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, तो औषधाचा गुण आहे. ते घेतलं म्हणून मुक्काम गाळायची मुभा मिळत नाही.

जुना फौजी

डॉक्टरसाहेबांना दुजोरा. माझी नोकरीतली दोन वर्षं लडाखमध्ये गेली. सैन्यात आम्हाला कुणीही, कितीही तगडा असो, थेट वर पाठवत नसत. ९ ते १२ हजार फुटांसाठी सहा दिवस, त्यापुढे १५ हजारांपर्यंत आणखी चार, त्याच्याही वर आणखी चार दिवस. पहिले दोन दिवस तर नुसता आराम, बराकीतल्या बराकीत फिरणं. विशी-बाविशीतली पोरं कंटाळायची, पण नियम म्हणजे नियम. लांब सुट्टीवरून परत आला तरी पुन्हा पहिल्यापासून.

निमालिंग फुटांत सांगायचं तर पावणेसोळा हजार. आमच्या हिशेबात ती तिसरी पायरी. सुट्टीवर जाणारा माणूस चौदा दिवस देऊ शकत नाही हे कळतं मला. पण लेहमध्ये दोन रात्री म्हणजे काहीच नाही. तीन पूर्ण दिवस द्या. पहिल्या दिवशी शांती स्तूपाच्या पायऱ्यासुद्धा चढू नका.

आणि करवंदी ताई, तुमच्या गाईडला माझा सलाम कळवा. ‘आत्ता. सकाळी नाही.’ हे वाक्य म्हणायला धाडस लागतं.

निवांत

खूप उपयोगी धागा. आम्ही सहा जण सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जातोय, त्यामुळे प्रश्न बरेच आहेत.
मला पोहता येत नाही. नदी ओलांडायला लागते म्हणतात, ते कितपत अवघड आहे?
होमस्टेमध्ये जेवायला काय मिळतं? आमच्यात दोघे पक्के शाकाहारी.
आणि बायकांच्या दृष्टीने संडास वगैरेची सोय कशी आहे?

करवंदी

निवांत, नदीचं आधी. पोहण्याचा प्रश्नच येत नाही, पाणी गुडघ्याच्या आसपास असतं. पण ओढ जबरदस्त, आणि थंडी अशी की अर्ध्या मिनिटात तळवे बधिर. एक पक्कं लक्षात ठेवा : नदी सकाळी ओलांडायची. हे वितळलेल्या बर्फाचं पाणी आहे. दिवसभर ऊन तापलं की वरचा बर्फ वितळतो आणि दुपारनंतर पाणी चढतं, गढूळ होतं. सकाळी जिथे घोट्याइतकं असतं तिथे चार वाजता मांडीला लागू शकतं. आम्ही एका ठिकाणी जेवायला रेंगाळलो आणि मग घोड्यांवर बसून पलीकडे जावं लागलं.

सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, पडलात तर सॅक टाकून देता आली पाहिजे. अनवाणी नाही, मागे पट्टा असलेले सँडल. दोघं-तिघं हात धरून, तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, तिरके चालत. सप्टेंबरमध्ये पाणी बरंच उतरलेलं असतं, शिवाय आता पूलही झालेत.

जेवण : शाकाहारींची चैन आहे. भात-डाळ-भाजी तर असतेच, पण त्यांना सांगा की तुमचं जे रोजचं आहे ते द्या. स्क्यू (गाव नव्हे, पदार्थ) म्हणजे हाताने चिमटून केलेले कणकेचे छोटे गोळे भाज्यांच्या रश्शात शिजवलेले. वरणफळांचं सख्खं भावंडच. काकूंनी आमा-लेला वरणफळं हातवारे करून समजावली आणि दोघी हसून हसून बेजार. खंबीर ही जाड रोटी सकाळी जर्दाळूच्या मुरंब्याशी. गुरगुर चहा म्हणजे लोणी-मिठाचा चहा, पहिल्या घोटाला चहा समजून पिऊ नका, पातळ सूप समजा. त्या कोरड्या हवेत तो ओठांना आणि घशाला किती बरा वाटतो ते तिसऱ्या दिवशी कळतं.

निमालिंगला पाणी साधारण ८४ अंशांवरच उकळतं. कुकरशिवाय डाळ शिजत नाही. तिथे भात कच्चा लागला तर स्वयंपाक्यावर चिडू नका.

संडास कोरडा असतो. मातीच्या वरच्या मजल्यावर चौकोनी भोक, शेजारी माती-राखेचा ढीग आणि फावडं. झाल्यावर वरून माती टाकायची, पाणी ओतायचं नाही. वास येत नाही, आणि त्याचंच पुढे खत होऊन शेतात जातं. पॅड, टिश्यू त्यात टाकू नका, कारण ते खतातून त्यांच्या शेतात जातं. वेगळी घट्ट पिशवी न्या आणि लेहला परत आणा. उघड्यावर जायची वेळ येते ती निमालिंगच्या वाटेवर. आडोशाला दगड भरपूर आहेत, फक्त पाण्यापासून लांब जा.

बुरुज

कचऱ्याचा विषय निघालाच आहे तर. पॅराशूटच्या कापडाचे जे चहाचे तंबू असतात तिथे बाटलीबंद पाणी मिळतं, पण ती रिकामी बाटली घोड्यावरूनच खाली यावी लागते, नाहीतर तिथेच पडते. उकळलेलं पाणी मागा, देतात.

स्टोक कांग्रीचं उदाहरण सगळ्यांनी लक्षात ठेवावं. सहा हजार मीटरच्या वरचं इतकं गाजलेलं शिखर २०२० पासून चढाईसाठी बंद केलं. त्याच डोंगराच्या पाण्यावर स्टोक गाव जगतं, आणि गर्दीने ते पाणी घाण होत होतं. गावाने पाणी निवडलं. माझं ते चढायचं स्वप्न राहिलं, पण गावाचं बरोबरच आहे.

मार्खा खोरं हेमिस राष्ट्रीय उद्यानात येतं, १९८१ सालचं उद्यान. हिमबिबट्यासाठी प्रसिद्ध. उन्हाळ्यात तो दिसायची आशा धरू नका, तो भरलांच्या (डोंगरातल्या रानमेंढ्यांच्या) मागे वर गेलेला असतो. भरल मात्र बघा. घसाऱ्याच्या रंगात असे मिसळतात की हलले तरच कळतं. पूर्वी मेंढ्या मारल्या म्हणून गावकरी बिबट्यावर चिडायचे. होमस्टेमधून घरात चार पैसे यायला लागले तसा त्याच्याकडे बघायचा दृष्टिकोन बदलत गेला. म्हणून म्हणतो, शक्य असेल तिथे तंबूऐवजी घरात राहा.

सातपुडा

बुरुजराव, +१. पण मार्खात आता रस्ता आत आत येतोय ना? झांस्करच्या कडेचा निमू-पदम-दारचा रस्ता तर जोडलाच गेलाय. पाच वर्षांपूर्वी आम्ही गेलो तेव्हा स्क्यूपर्यंतचा पट्टा निव्वळ पायवाट होता. पुढच्या पिढीला हा ट्रेक उरणार का, या विचाराने जीव तुटतो.

करवंदी

रस्ता बराच आत आलाय, खरं आहे. पहिल्या दिवशी धूळ उडवत जाणारी गाडी बघून मीही हळहळले होते. नंतर त्याच रस्त्याने दादा लेहच्या हॉस्पिटलात पोहोचला. हंकरच्या आमा-लेचं पहिलं बाळंतपण अडलं तेव्हा तिला घोड्यावर बांधून दोन दिवस नेलं होतं, हे तिच्या सुनेने आम्हाला सांगितलं. त्यामुळे रस्त्याबद्दल आता माझ्या तोंडून वाईट शब्द निघत नाही. आपण चालायचा पट्टा वर सरकवू. किंवा स्पितुक-झिंगचेनहून गांदा ला ओलांडून स्क्यूला उतरू, ती वाट आहेच. फक्त ती खिंड ट्रेकच्या सुरुवातीलाच ४,९०० मीटरच्या वर घेऊन जाते, म्हणजे लेहमध्ये आणखी मुक्काम हवा.

निवांत

फोनचं काय? घरचे काळजी करतात.

जुना फौजी

बाहेरचं प्रीपेड कार्ड लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. खोऱ्यात आत त्याचाही भरवसा धरू नका. आणि कुणी परदेशातून सॅटेलाइट फोन आणला असेल तर तो परवानगीशिवाय भारतात वापरणं बेकायदा आहे, सॅकमध्ये टाकून नेऊ नका. घरच्यांना सांगून जा : ‘अमुक तारखेपर्यंत फोन येणार नाही, त्यानंतर दोन दिवस वाट बघा.’

करवंदी

निवांत, शेवटचं आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आम्ही परत आल्यावर सगळे, दादासकट, एका संध्याकाळी बसलो. दादाला विचारलं, का नाही सांगितलंस? तो म्हणाला, ‘माझ्यामुळे तुमचा ट्रेक खराब झाला असता.’ इतर तिघांनी मग हळूच कबूल केलं की त्यांचंही डोकं दुखत होतं आणि याच कारणाने ते गप्प होते. म्हणजे अकरांतले चार जण रोज रात्री एकमेकांशेजारी झोपत होते आणि एकमेकांपासून लपवत होते.

‘काही त्रास आहे का?’ असं सगळ्यांसमोर विचारलं की सगळे नाही म्हणतात. आता आम्ही उंचावरच्या ट्रेकला रोज जेवणाआधी प्रत्येकाला वेगळं बाजूला घेऊन चार प्रश्न विचारतो : डोकं कसंय, जेवण गेलं का, झोप लागली का, पाणी किती प्यायलं. वहीत लिहितो. आणि कोण मागे फिरलं तर त्याच्याबरोबर कोण जाणार, ते पुण्यातच ठरवतो. पुढच्या वेळी पहिलं नाव माझं आहे.

स्टेथो

ही वही प्रत्येक ग्रुपने ठेवावी. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र न्या, पण त्या आकड्यापेक्षा या चार उत्तरांवर जास्त विश्वास ठेवा.

निवांत

काल रात्री आमची बैठक झाली. धागा सगळ्यांना वाचायला लावला. लेहला चार रात्री, थाचुंगत्सेचा मुक्काम पक्का, परतीचं विमान दोन दिवस पुढे ढकललं. तिकिटाचे पैसे गेले, पण कुणी कुरकुर केली नाही. वही मी घेतली.

करवंदी ताई, हंकरला त्याच घरी राहायचंय. कसं ओळखायचं?

करवंदी

निवांत, फार बरं वाटलं वाचून. गावात शिरताना डाव्या हाताला मणींची, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांची, भिंत लागते. ती आपल्या उजव्या हाताला राहील अशी वळसा घालून जा, तिथला रिवाज आहे. त्यापुढचं दारात दोन झाडं असलेलं घर.

एक काम कराल का? निघताना काकूंनी आणि आमा-लेने चुलीपुढे बसून फोटो काढला होता. तिने तो छापून मागितला होता, तिच्याकडे फोन नाही. मी छापून ठेवलाय, आणि दादाने तिच्यासाठी लोकरीची शाल घेतलीय. दोन्ही मिळून अर्धा किलोसुद्धा नाही. तुम्ही पुण्यात कुठे असता ते व्यनिने कळवा, दादा स्वतः आणून देईल.

निवांत

ताई, आनंदाने नेईन. सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवते. व्यनि केलाय.